जुनी विंडोज नव्या संगणकावर का बसत नाही? ड्रायव्हरच्या तारखांचा छोटा इतिहास



संशोधनाची तयारी करताना आपण रिसर्च मेथडॉलॉजी वाचतो, सांख्यिकी शिकतो, संदर्भ कसे द्यायचे ते पाहतो. पण लॅबमध्ये गेल्यावर आठ-आठ दिवस जिथे गाडी अडते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या पुस्तकांत नसतात. आज अशाच एका गोष्टीचा इतिहास सांगतो. विषय ऐकायला कोरडा आहे: जुनी ऑपरेटिंग सिस्टीम नव्या संगणकावर बसवताना ड्रायव्हर का मिळत नाहीत? पण माझ्या एका ज्युनिअरचा प्रबंध या प्रश्नावर अडला होता, म्हणून मला तो मुळापासून समजून घ्यावा लागला.

झालं असं. आमच्या विभागात २००५ च्या सुमाराचा एक स्पेक्ट्रोमीटर आहे. त्याच्यासोबत आलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालायचा. एका सोमवारी तो सुरूच होईना. मदरबोर्ड गेला होता. ज्युनिअरचे अर्धे नमुने मोजून झाले होते, अकरा उरले होते. उरलेले दुसऱ्या उपकरणावर मोजले तर आधीच्या मोजमापांशी तुलना करताना प्रत्येक वेळी खुलासा द्यावा लागणार. सबमिशनला चार महिने उरले होते.

तुम्ही म्हणाल, मग विंडोज १० टाका की. तेच आधी मनात आलं. पण उपकरणाच्या कार्डाचा ड्रायव्हर ३२-बिटचा, आणि ६४-बिट विंडोजच्या कर्नलमध्ये ३२-बिट ड्रायव्हर चढत नाही. त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर कुणी लिहिलेलाच नव्हता. म्हणून आम्ही कॉम्प्युटर लॅबमधून बाद केलेला, २०१२ चा एक संगणक मागून आणला आणि त्यात एक्सपीची मूळ सीडी घातली. सेटअप सुरू झालं, फाइली चढल्या आणि धाडकन निळा पडदा आला. स्टॉप कोडच्या शेवटी ७बी. अर्थ असा की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, तीच सापडत नाही.

डिस्क तर चांगली होती. सीडीही चांगली होती. मग चूक कुणाची? खरं म्हणजे कुणाचीच नाही. हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

ड्रायव्हर आधी कुठे राहायचे?

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषी. 'ही फाइल लिही' असं सिस्टीम म्हणते. त्या विशिष्ट डिस्क कंट्रोलरला कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा पाठवला की लिहिणं सुरू होतं, हे ड्रायव्हरला माहीत असतं.

डॉसच्या काळात यातलं बरंचसं काम प्रोग्रॅमच करत. वर्डपरफेक्टसारखा प्रोग्रॅम प्रिंटरचे ड्रायव्हर स्वतःसोबत घेऊन यायचा. गेम खेळायचा तर साउंड कार्डाचा पोर्ट कोणता, आयआरक्यू कितवा, हे प्रत्येक गेमला वेगळं सांगायचं. विंडोजने ही कामं सिस्टीमकडे घेतली: ड्रायव्हर एकदाच बसवा, सगळे प्रोग्रॅम तोच वापरतील. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने पुढचं पाऊल टाकलं. कार्ड लावा, सिस्टीम स्वतः ओळखेल. याला 'प्लग अँड प्ले' म्हणत. अनुभव घेतलेले लोक त्याला 'प्लग अँड प्रे' म्हणत, म्हणजे लावा आणि देवाचं नाव घ्या.

सोय मोठी होती, पण तिच्यासोबत एक नवी अडचण आली. हार्डवेअर ओळखायची जबाबदारी सिस्टीमची झाली, म्हणजे सिस्टीमजवळ ओळखीची यादी हवी. आणि कोणतीही यादी एका तारखेला बंद होते.

मतदार यादी डोळ्यांसमोर आणा. यादी छापून झाल्यावर जो अठरा वर्षांचा झाला, त्याचं नाव तिच्यात नसतं. तो खोटा नाही आणि यादीही खोटी नाही. फक्त तारखा जुळत नाहीत. इन्स्टॉलेशनची सीडी ही अशीच, छापल्या दिवसापर्यंतच्या हार्डवेअरची यादी असते. सर्व्हिस पॅक म्हणजे पुरवणी यादी.

२००१ ची यादी आणि २००४ चं हार्डवेअर

आता एक्सपीच्या तारखा बघा. एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. यूएसबी २.० चं मानक एप्रिल २००० मध्ये जाहीर झालं होतं, तरी मूळ एक्सपीच्या सीडीत त्याचे ड्रायव्हर नव्हते. ते आले २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये. १३७ जीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क पूर्ण दिसायची सोयही याच पुरवणीतली. ज्याच्याकडे मूळ सीडी होती, त्याला १६० जीबीची डिस्क १३७ चीच दिसायची, आणि तो दुकानदाराशी भांडायचा.

मग साटा डिस्क आल्या. आधीच्या डिस्क आयडीई पद्धतीच्या, रुंद पट्टीसारख्या केबलच्या. साटा डिस्क २००३ पासून बाजारात दिसू लागल्या. त्यांच्याशी बोलायची एएचसीआय नावाची नवी पद्धत इंटेलने २००४ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे एक्सपीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी. एक्सपीचं आयुष्य मात्र लांबलं. तिला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत होता. पण एएचसीआयचा सर्वसाधारण ड्रायव्हर तिच्या सीडीत शेवटपर्यंत आला नाही, सर्व्हिस पॅक ३ मध्येसुद्धा नाही.

यावर उपाय होता, पण तो त्याहून जुन्या काळातला होता. सेटअप सुरू होताना पडद्याच्या तळाशी काही क्षण एक ओळ दिसायची: वेगळा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. दाबलं की सेटअप ड्रायव्हर मागायचं, आणि मागायचं फक्त ए ड्राइव्हमध्ये, म्हणजे फ्लॉपीवर. ज्या संगणकात साटा डिस्क होती, त्यात फ्लॉपी ड्राइव्ह असण्याची शक्यता वर्षागणिक कमी होत होती. नवं हार्डवेअर ओळखायचं तर जुनं हार्डवेअर आणा, असा प्रकार. त्या काळातल्या कितीतरी लोकांनी एका एक्सपीपायी फ्लॉपी ड्राइव्ह उसना आणलेला आहे.

लोकांनी दोन पळवाटा काढल्या. पहिली, एनलाइटसारखं साधन वापरून ड्रायव्हर सीडीतच मिसळायचा आणि नवी सीडी भाजायची. दुसरी, बायॉसमध्ये जाऊन साटा कंट्रोलरला एएचसीआयऐवजी आयडीई मोडवर ठेवायचं. मग नवी डिस्क जुन्या नावाने दारात उभी राहते आणि यादीवाला तिला आत सोडतो. वेग थोडा कमी होतो, पण काम होतं. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी हा मोड बरीच वर्षं ठेवला, ही त्यांची कृपाच म्हणायची.

आम्हीही दुसरी वाट धरली. बायॉसमध्ये एक ओळ बदलली आणि एक्सपी मुकाट बसली. पण काम इथे संपलं नाही, ते पुढे सांगतो.

उलटी बाजू: व्हिस्टा

२००७ मध्ये व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी आली. तिच्या सेटअपमध्ये एएचसीआय होतं, आणि ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून देता येत होता. म्हणजे एक्सपीची तक्रार सुटली. पण व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायची पद्धतच बदलली आणि ६४-बिट आवृत्तीत कर्नलच्या ड्रायव्हरवर डिजिटल सहीची सक्ती केली. परिणाम उलटा झाला. नवी सिस्टीम बसायची, पण घरातला जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा टीव्ही ट्यूनर तिच्याशी बोलायचा नाही. कारण त्यांच्या कंपन्यांनी जुन्या मालासाठी नवा ड्रायव्हर लिहायचा खर्च केला नाही.

म्हणजे यादी दोन्हीकडून अपुरी पडते. जुन्या सिस्टीमला नवं हार्डवेअर माहीत नसतं, आणि नव्या सिस्टीमसाठी जुन्या हार्डवेअरचा दुभाषी कुणी पाठवत नाही. संशोधक या दोन्हींच्या मध्ये सापडतो, कारण त्याचं उपकरण जुनं आणि संगणक नवा.

कीबोर्डच मेला: विंडोज ७ आणि २०१५

तुमच्यापैकी काहींनी विंडोज ७ चा प्रसंग स्वतः पाहिला असेल. ती आली २२ ऑक्टोबर २००९ ला. यूएसबी ३.० चं मानक त्याच्या आदल्या वर्षीचं, नोव्हेंबर २००८ चं. तरी विंडोज ७ च्या सेटअपमध्ये त्याच्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता. तो मूळ सिस्टीमसोबत आला २०१२ च्या विंडोज ८ मध्ये.

काही वर्षं हे कुणाला फार जाणवलं नाही. चिपसेटमध्ये यूएसबी २.० चा जुना कंट्रोलरही असायचा, त्यामुळे कीबोर्ड-माउस चालत. ऑगस्ट २०१५ मध्ये इंटेलची स्कायलेक पिढी आली. तिच्या १०० सीरीज चिपसेटमधून हा जुना कंट्रोलर काढून टाकला होता. सगळे यूएसबी पोर्ट एक्सएचसीआयखाली गेले. मग विचित्र प्रकार सुरू झाला. बायॉसमध्ये कीबोर्ड चालतो, बूटच्या मेनूत चालतो, आणि विंडोज ७ चा पहिला पडदा आला की कीबोर्ड-माउस दोन्ही गप्प. पेनड्राइव्हवरून बसवायला जावं तर संदेश यायचा की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. समोर डीव्हीडीच नाही! त्या संदेशाचा खरा अर्थ असा होता: मी ज्या पेनड्राइव्हवरून आत्ता सुरू झालो, तीच मला आता दिसत नाही.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला बायॉस स्वतःच्या ओळखीवर सगळं चालवतो. मग सिस्टीमचा कर्नल ताबा घेतो आणि स्वतःची यादी उघडतो. ७बी चा निळा पडदा आणि मेलेला कीबोर्ड या दोन्ही घटना याच हस्तांतरणाच्या क्षणी घडतात. बायॉसमध्ये दिसतं, म्हणजे सिस्टीमलाही दिसेल, हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो.

उपाय पुन्हा तेच दोन प्रकारचे. यूएसबी ३.० चे ड्रायव्हर सेटअपमध्ये मिसळायचे, त्यासाठी इंटेलने एक छोटं साधनही दिलं होतं. नाहीतर पीएस/२ चा जुना गोल पिनचा कीबोर्ड आणि साटाची डीव्हीडी शोधायची. एनव्हीएमई एसएसडीची गत तीच. तिचं पहिलं मानक २०११ चं, विंडोज ७ नंतरचं. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वेगळी दुरुस्ती दिली होती, ती सेटअपमध्ये आधी मिसळावी लागे.

आणखी एक गाठ सहीची होती. पुढे ड्रायव्हरवर एसएचए-२ पद्धतीची सही येऊ लागली. मूळ विंडोज ७ ला ती सही वाचता येत नव्हती. वाचायला शिकवणारं अपडेट मार्च २०१५ मध्ये आलं. म्हणजे अपडेटसाठी नेट हवं, नेटसाठी लॅनचा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हरवरची सही वाचायला ते अपडेट हवं. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

तंत्र संपतं तिथून धोरण सुरू होतं

इथपर्यंत दोष तारखांचा होता. जानेवारी २०१६ मध्ये त्यात निर्णय आला. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की स्कायलेकच्या पुढच्या प्रोसेसरना आधार फक्त विंडोज १० वरच मिळेल. स्कायलेकवर विंडोज ७ चालवणाऱ्यांना आधी जुलै २०१७ ची मुदत दिली, मग ती २०१८ केली, आणि शेवटी विंडोज ७ च्या ठरलेल्या शेवटापर्यंत, म्हणजे १४ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली. त्याहून नव्या प्रोसेसरवर विंडोज ७ असेल तर २०१७ च्या वसंतापासून विंडोज अपडेट 'हे हार्डवेअर आधारात नाही' असं सांगून थांबू लागलं. सिस्टीम चालत होती, पण सुरक्षा अपडेट बंद.

इतिहास वाचताना हा फरक करायला शिका. 'चालू शकत नाही' आणि 'चालवायचं नाही असं ठरलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला पळवाट असते. दुसऱ्याला कधी असते, कधी नसते, पण कारण मात्र बैठकीत शोधावं लागतं, सर्किटमध्ये नाही.

लिनक्सवाल्यांचं काय?

लिनक्समध्ये व्यवस्था वेगळी आहे. बहुतेक ड्रायव्हरचा सोर्स कर्नलच्या सोबतच राहतो. कर्नलच्या आतली रचना बदलली, की बदलणाराच त्या ड्रायव्हरमध्येही दुरुस्ती करतो. त्यामुळे नव्या कर्नलवर बरंच जुनं हार्डवेअर चालतं. तेही कायमचं नाही. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ मधल्या ३.८ कर्नलमधून काढला गेला.

पण जुनं रिलीज नव्या लॅपटॉपवर टाकलं तर इथेही यादीची तारीख आडवी येते. वायफाय दिसत नाही, पडदा धड उजळत नाही. उबंटूने एप्रिल २०१२ मधल्या १२.०४ च्या लाँग टर्म आवृत्तीपासून यावर तोड काढली. फेब्रुवारी २०१३ च्या १२.०४.२ मध्ये बाकी बहुतेक सगळं तेच ठेवून कर्नल मात्र नवा दिला. म्हणजे मतदार यादीचं फक्त एक पान बदललं.

तिसरी वाट व्हर्च्युअल मशीनची. इथे गंमत बघा. क्यूईएमयू जो संगणक खोटा उभा करतो, त्याचा नेहमीचा जुना नमुना इंटेलच्या १९९६ च्या ४४०एफएक्स चिपसेटचा आहे. ते सिलिकॉन भंगारात गेलं, पण त्याचं सोंग जिवंत आहे, कारण प्रत्येक जुनी सिस्टीम त्याला ओळखते. तुम्हाला फक्त जुना प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर हीच वाट धरा. पण उपकरणाचं कार्ड प्रत्यक्ष मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवायचं असेल, तर हे सोंग बहुधा पुरत नाही.

आमच्या स्पेक्ट्रोमीटरचं पुढे काय झालं

एक्सपी बसली खरी, पण पडदा मोठमोठ्या अक्षरांचा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. चिपसेट, ग्राफिक्स आणि लॅनचे एक्सपीचे ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून उतरवून पेनड्राइव्हने आणले. एकेक प्रश्नचिन्ह गेलं. शेवटचं उरलं ते उपकरणाच्या कार्डाचं. त्याचा ड्रायव्हर नेटवर कुठेच नव्हता.

दोन दिवस शोधल्यावर मी लॅबमधल्या मामांना सहज विचारलं. त्यांनी काही न बोलता कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, मॅन्युअल आणि एक सीडी. "उपकरण आलं तेव्हा सरांनी ठेवायला दिली होती," एवढंच म्हणाले. सतरा वर्षं जपली होती. त्या सीडीला एक ओरखडा जास्त असता, तर हा लेख वेगळा झाला असता.

उरलेले अकरा नमुने मोजले गेले. त्याआधी आधीच्याच तीन नमुन्यांवर पुन्हा मोजमाप घेऊन जुने आणि नवे आलेख जुळतात हे तपासलं. हे करायला विसरू नका. संगणक बदलला, तर उपकरण तेच आहे असं गृहीत धरायचं नसतं.

तुमच्यासाठी

सगळ्या इतिहासातून मी चार सवयी लावून घेतल्या.

१. सेटअप अडलं की आधी कागदावर दोन तारखा लिहा: सिस्टीमची आणि अडलेल्या भागाच्या मानकाची. भाग नंतरचा असेल, तर दहा वेळा पुन्हा बसवून उपयोग नाही. ड्रायव्हर मिसळा किंवा जुना मोड शोधा.

२. उपकरणाचा संगणक चालू आहे तोवरच त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. ड्रायव्हरच्या सीडीचीही.

३. एक्सपीसारख्या, आधार संपलेल्या सिस्टीमला नेटवर्क जोडू नका. आमच्या संगणकाची लॅनची वायर आता काढलेली आहे. डेटा बाहेर नेण्यासाठी एक पेनड्राइव्ह राखून ठेवली आहे, ती दर वेळी दुसरीकडे तपासली जाते.

४. नवं उपकरण घेताना विचारा: याच्याशी बोलायची पद्धत जाहीर आहे का? जीपीआयबी हे १९७५ चं मानक आहे आणि ते आजही अनेक उपकरणांवर मिळतं. आज्ञांची यादी मॅन्युअलमध्ये छापलेली असेल, तर पायथनमध्ये चार ओळी लिहून कोणत्याही सिस्टीमवरून उपकरण चालवता येतं. बंद ड्रायव्हर त्याच्या कंपनीची इच्छा असेतोवर जगतो, छापलेलं मानक त्याहून पुष्कळ जास्त.

आणि प्रबंधाच्या 'साहित्य व पद्धती' प्रकरणात उपकरणाच्या नावाशेजारी सिस्टीम, सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या लिहा. एक ओळ लागते. दहा वर्षांनी कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करावासा वाटला, तर त्या ओळीवरून त्याला कळेल की कोणत्या तारखेची यादी शोधायची आहे.

उद्या लॅबमध्ये गेलात की एवढं करा: तुमच्या उपकरणाची ड्रायव्हर सीडी कुठे आहे ते विचारून या. उत्तर 'माहीत नाही' आलं, तर तुमचं पहिलं काम ठरलं.